प्लॅटफॉर्म तिकीट

परवा दुपारी लालबागहून मावशीचा फोन. "अरे, अमेरिकेला अनारसे पाठवायचे तर कुरियरचे किती पडतात रे?"

मी म्हटलं, वा, मावशीचा धंदा सातासमुद्रापार निघाला. मग तिने पाठवलेला स्क्रीनशॉट उघडला. मस्त जाळी पडलेल्या अनारशांचा फोटो आणि खाली चौदा कमेंट. तीन ओळखीच्यांच्या. उरलेल्या अकरा सोनेरी केसांच्या बायकांच्या आणि सूटबूटवाल्या पुरुषांच्या: "लव्हली पिक्चर डिअर, मेसेज मी." मावशीने दुपारची झोप मोडून अकराही जणांना उत्तर दिलं होतं. "धन्यवाद. किती किलो हवेत? पीठ घरचंच आहे." पुढे नमस्काराचे हात.

तिला सांगितलं, मावशी, हे बॉट आहेत, पलीकडे माणूस नाही. "माणूस नाही तर लिहितंय कोण?" संगणकाचा प्रोग्रॅमच लिहितो, हे समजावताना माझी दमछाक झाली. मग तिने हुकमाचा पत्ता टाकला. "पण त्यातल्या एकाच्या नावापुढे निळी टिक आहे. त्याने पैसे भरलेत ना? मग तो तरी खरा असेल."

ॲपचं नाव घेत नाही, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच आहे. पण मावशीच्या प्रश्नाला हसू नका. जो पैसे भरतो तो माणूस, याच गणितावर इलॉन मस्कचीही भिस्त आहे.

त्याने ऑक्टोबर २०२२ मध्ये ४४ अब्ज डॉलर मोजून ट्विटर घेतलं. त्याआधी तो व्यवहारातून अंग काढून घेऊ बघत होता आणि त्याचं मुख्य कारण बॉटच होतं. कंपनी म्हणायची, खोटी खाती पाच टक्क्यांहून कमी. हा म्हणायचा, छे, कितीतरी जास्त. ताबा मिळाल्यावर त्याने निळी टिक महिना आठ डॉलरला विकायला काढली. काही दिवसांतच कुणीतरी आठ डॉलर भरून एली लिली या औषध कंपनीच्या नावाने खातं उघडलं आणि जाहीर केलं, इन्शुलिन आता फुकट. टिक खरी, पैसे खरे, बाकी सगळं खोटं. खऱ्या कंपनीला माफी मागत खुलासा करावा लागला.

आपल्याकडे फेब्रुवारी २०२३ मध्ये हीच टिक मोबाइलवरून घ्यायला महिना ९०० रुपये लागत होते. मावशीचा किलोभर अनारशांचा भाव साधारण तेवढाच आहे.

मार्च २०२१ आठवतोय? कोरोनातली गर्दी कमी करायला सीएसएमटी, दादर, ठाणे, कल्याण अशा स्टेशनांवर प्लॅटफॉर्म तिकीट ५० रुपये केलं होतं. हेतू चांगलाच होता. पण बाहेर कोण थांबलं? नातवाला गाडीत बसवून द्यायला आलेले आजोबा. पाकीटमार कधी तिकिटासाठी अडलाय का? त्याच्या खिशात महिन्याचा पास असतो. आजोबांना ५० रुपये म्हणजे भुर्दंड, त्याला तो धंद्याचा खर्च.

पैसे लावणं अगदीच फुकट जातं असंही नाही. आधी दिवाळीच्या दिवशी एसएमएसचं पॅक चालायचं नाही, प्रत्येक शुभेच्छेला रुपया कापला जायचा. आमच्या घरी तेव्हा बाबा यादी करून बसायचे, कुणाला पाठवायचा आणि कुणाला गाळायचं. (एक आतेभाऊ दरवर्षी गाळला जायचा, त्याला ते अजून माहीत नाही.) २०१२ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने जाहिरातींचे मेसेज रोखायला हीच युक्ती वापरली: एका सिमवरून दिवसाला १०० च्या वर एसएमएस गेले की पुढच्या प्रत्येकाला किमान ५० पैसे. घाऊक कचरा फुकट असतो म्हणूनच घाऊक असतो. दहा हजार खोटी खाती उघडायला शून्य रुपये लागत असतील तर उघडणारा उघडणारच. खात्यामागे डॉलर लावलात तर दहा हजार डॉलर झाले. फुटकळ लोक तिथेच गळतात.

एक्सने (म्हणजे ट्विटरनेच, फक्त नाव बदललं) हेही करून पाहिलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यूझीलंड आणि फिलिपिन्समधल्या नव्या खात्यांना वर्षाला एक डॉलर, शिवाय फोन नंबरची पडताळणी. पैसे न भरणाऱ्यांनी नुसतं वाचायचं. जुन्यांना माफी. मला ही कल्पना महिन्याच्या निळ्या टिकपेक्षा बरी वाटते, कारण यात पैसे फक्त दारात घेतात. महिन्याच्या निळ्या टिकमध्ये पैसे भरणाऱ्याचा आवाज मोठा करतात, त्याची प्रत्युत्तरं वर चढवतात, वर कमाईतला वाटाही देऊ करतात. मग बॉटवाला का नाही भरणार? पाकीटमाराला पास दिलात आणि वर खिडकीची सीटही!

तरी दारातला तो एक डॉलर आपल्याकडे वाटतो तितका सोपा नाही. मावशीकडे अनारसे थापायला येणारी ताई नवऱ्याचा फोन वापरते, यूपीआय मुलाच्या नावावर. तेवढे पैसे ती देईल. पण कुठल्या खात्यातून, कुणाला विचारून?

आणि खरी गोम स्पर्धेत आहे. शेजारचं दुकान फुकट असताना दारात तिकीट लावायचं कुणी? व्हॉट्सॲपसुद्धा एके काळी वर्षाला डॉलर घ्यायचं. जानेवारी २०१६ मध्ये ते बंद केलं आणि आता व्यवसायांकडून मेसेजचे पैसे घेतात. म्हणजे जो पैसे भरतो तोच आपल्या फोनवर येऊन "सेल सुरू" म्हणतो. थ्रेड्स या ट्विटरसारख्याच ॲपला जुलै २०२३ मध्ये पाच दिवसांत दहा कोटी लोक मिळाले, कारण इन्स्टाग्रामचं तयार खातं घेऊन फुकट आत शिरता येत होतं. आपल्या कू ॲपने भारतीय भाषांचा संसार मांडला, मराठीही होती, आणि जुलै २०२४ मध्ये दुकान बंद केलं. गर्दी दाखवायची तर दार उघडं ठेवावं लागतं, आणि गर्दीत बॉट मोजले गेले तर आकडा फुगतोच, कमी होत नाही. झाडू हातात घ्यायची घाई कुणाला असणार?

माझ्या मते फी नको, अनामत घ्या. शंभर रुपये ठेवा, वर्षभर माणसासारखं वागलात की परत. वाचनालयात ठेवतो तशी. बॉटवाल्याचं खातं उडालं की शंभर गेले, पुन्हा उघडलं की पुन्हा शंभर. त्या बदल्यात आवाज मोठा करू नका, टिक देऊ नका, काही नको. कंपन्या हे करतील असं मला वाटत नाही. परत द्यायच्या पैशांत त्यांना काय रस?

मावशीने मात्र केलंय. मागच्या महिन्यात "आर्मीतून बोलतोय, पन्नास बॉक्स हवेत, पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा" असा एक फोन आला होता. "पैसे घ्यायला मी कशाला स्कॅन करू?" म्हणून तिने फोन ठेवला आणि तेव्हापासून नियम केला: १०० रुपये ॲडव्हान्स, मगच वहीत नाव, बिलातून वजा. हवेतल्या ऑर्डरी थांबल्या. तीस वर्षांची गिऱ्हाईक असलेल्या एक काकू रुसल्या, तर चाळीतल्यांना माफी जाहीर झाली. मस्कसारखीच, जुन्यांना सूट.

काल रात्री पुन्हा फोन. निळ्या टिकवाल्याने "येस डिअर" लिहिलंय. मावशीने त्याला स्वतःचा क्यूआर धाडला आहे. "आधी शंभर रुपये येऊ देत," म्हणाली, "मग तांदूळ भिजत घालते."