'निग्रो म्हणजे नुसता काळा', मग म्हणायला काय हरकत आहे?

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय, माझ्या दोन ग्रुपवर आला म्हणून लिहितेय. म्हणे निग्रो म्हणजे स्पॅनिशमधे काळा, एवढंच. खुद्द मार्टिन ल्यूथर किंग हा शब्द वापरायचे. अमेरिकेत त्या नावाची संस्था अजून आहे. आणि मराठीत तर तो साधा शब्द, तेव्हा बिनधास्त म्हणा.

अर्थ काळा आहे, मान्य. पण अमेरिकेत गुलामांच्या लिलावाच्या जाहिरातीत 'निग्रो विकणे आहे' असं छापलं जायचं, तोच हा शब्द. हे डिक्शनरीतल्या एका ओळीत कसं दिसणार?

किंग यांनी १९६३ च्या वॉशिंग्टनच्या भाषणात तो वापरला हेही खरं, कारण तेव्हा तोच मानाचा शब्द होता. आणि तो मानसुद्धा भांडून मिळवलेला, इंग्रजीत त्याचं पहिलं अक्षर कॅपिटल छापा म्हणून लोक वर्षानुवर्षं मागणी करत होते तेव्हा कुठे १९३० साली न्यूयॉर्क टाइम्सने ऐकलं. पण किंग यांच्याच काळात दुसरे कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स 'तथाकथित निग्रो' म्हणत होते, १९६६ पासून ब्लॅक पॉवरची, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या हाती सत्ता हवी अशी, घोषणा गाजली आणि कृष्णवर्णीयांनीच हा शब्द मागे टाकला. आपल्याकडे 'हरिजन'चं हेच झालं ना, गांधीजींनी चांगल्या मनाने दिलेला शब्द, पण ज्यांना दिला त्यांनी नाकारला आणि स्वतःला दलित म्हणवून घेतलं.

संस्थेचं म्हणाल तर कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांना मदत करणारा युनायटेड निग्रो कॉलेज फंड १९४४ चा आहे, नाव तेव्हाचं. अमेरिकेच्या सरकारी कायद्यांतून मात्र २०१६ मधे हा शब्द काढला.

आता मराठीत साधा शब्द, हे मला सगळ्यात जास्त खटकतं. पुण्यात आमच्या भाजीवाल्याकडे एक सुदानी मुलगा यायचा, 'अर्धा किलो भेंडी द्या' एवढं मराठी बोलायचा. एकदा मागून कोणीतरी म्हणालं, 'आधी त्या निग्रोचं आटपा.' तो वळला नाही, पैसे मोजता मोजता हात थांबला फक्त. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसेलही, पण सुदानी म्हणता आलं असतं, नाहीतर सरळ 'त्या मुलाचं' म्हणायचं. अमेरिकेतल्यांना कृष्णवर्णीय किंवा आफ्रिकन-अमेरिकन म्हणा, हे शब्द मराठी पेपरांत रोज येतात.

जुनं मात्र खोडू नका. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध लढणाऱ्यांना अर्पण केली, त्या इंग्रजी अर्पणपत्रिकेत हा शब्द आहे आणि तो तिथे तसाच राहू दे.