'कोर्टाने खून माफ केला' म्हणणाऱ्यांना

नागपूरच्या कस्तुरबा नगर वस्तीत दहशत माजवणाऱ्या अक्कू यादव या गुंडाचा विषय निघाला की व्हॉट्सॲपवर एक मेसेज हमखास फिरतो : नागपूरच्या न्यायालयाने त्याचा भर कोर्टातला खून माफ केला, झुंडीने मारलं तर चालतं यावर मोहोर उमटवली. ज्यांच्यावर त्याला मारल्याचा आरोप झाला त्या कस्तुरबा नगरच्या बायांची बाजू घेणारेही तो अभिमानाने पुढे ढकलतात. दोघंही चुकतात.

13 ऑगस्ट 2004 ला जिल्हा न्यायालयात, पोलिसांच्या ताब्यात असलेल्या अक्कूला जमावाने मारलं. नोव्हेंबर 2014 मध्ये 18 आरोपी सुटले, ते पुराव्याअभावी. खून झाला ते बरं झालं, असं त्यातून कुठेच निघत नाही. या आरोपींवरचा गुन्हा सरकार पक्षाला सिद्ध करता आला नाही, एवढंच निघतं.

"पण बाया स्वतःच सांगत होत्या ना, आम्हीच मारलं म्हणून?" हा मुद्दा चटकन पटतो, म्हणून नीट बघू. अटका झाल्यावर वस्तीतल्या बाया 'आम्हा सगळ्यांना धरा' म्हणत पुढे आल्या, हे खरं. पण त्या एकमेकींच्या पाठीशी उभ्या राहत होत्या. शिवाय पोलिसांपुढे दिलेली कबुली तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम 25 प्रमाणे आरोपीविरुद्ध वापरताच येत नव्हती. अख्खी वस्तीच 'मी मारलं' म्हणत असेल, तर न्यायाधीशांनी जन्मठेप नेमकी कुणाला द्यायची?

"दिवसाढवळ्या घडलं, मग साक्षीदार कसे नाहीत?" डोळ्यांत तिखट फेकलेलं, रेटारेटी, हातात भाजी चिरायच्या सुऱ्या. अशा गर्दीत कोण सामील होतं आणि कोण नुसतं उभं होतं, हे शपथेवर सांगणं सोपं नाही. मोठ्या जमावाच्या गुन्ह्यात एखाद्याला दोषी धरायचं तर त्याच्याविरुद्ध दोन-तीन साक्षीदारांची सुसंगत साक्ष हवी, ही कसोटी सुप्रीम कोर्टाने 1964 सालीच मसलती खटल्यात लावली होती.

निकाल चुकीचा वाटला तर सरकारला अपिलाचा रस्ता असतो. हायकोर्टाचं खंडपीठही इथेच, नागपुरात सिव्हिल लाइन्समध्येच आहे.

मला राग येतो तो मेसेज जे गाळतो त्याचा. पोलिसांकडे जाऊन दाद मिळत नव्हती, हे या बाया तेव्हापासून उघड सांगत आल्या आहेत. त्यांच्या तक्रारींचं काय केलं आणि ताब्यातला माणूस कोर्टातच कसा मारला गेला, याचा जाब पोलिसांनी द्यायचा आहे.