काही आणू नकोस हं!

सण जवळ आले की घरातल्या बायका अचानक विरक्त होतात. 'मला काही नको, उगाच खर्च करू नकोस.' हे आई म्हणते तेव्हा ते खरं असतं. बायको म्हणते तेव्हा ती प्रश्नपत्रिका असते. सासूबाई म्हणतात, "तुम्ही कशाला त्रास घेता?" म्हणजे निकाल मागच्याच सणाला लागलेला आहे.

बायकोसाठी परफ्यूम घ्यावा म्हटलं. काउंटरवरची मुलगी कागदाच्या पट्ट्यांवर फवारे मारून एकेक पट्टी नाकाशी धरते. पहिली छान. दुसरीही छान. पुढे नाक संपावर जातं, पण आपण मान तिरकी करून 'हा जरा माइल्ड वाटतोय' वगैरे बोलत राहतो. त्यातून पहिला जो वास येतो, ज्याला टॉप नोट म्हणतात, तो पाऊण तासही टिकत नाही. खरा वास अंगावर मुरल्यावर काही तासांनी वर येतो, आणि तोही माणसागणिक थोडा वेगळा. म्हणजे मी जो पसंत केला तो बिल होईपर्यंत उडायला लागलेला, आणि जो मागे राहणार तो माझ्या मनगटावर तपासून उपयोग काय? शिवाय घरी गेल्यावर अंगाला येणारे अनोळखी वास! खुलासा करावा तर सरप्राइज फुटतं, न करावा तर संसार.

कपड्यांचं नावच नको. एका कंपनीचं मीडियम ते दुसरीचं लार्ज. मोठं आणलं तर 'मी एवढी दिसते?', लहान आणलं तर 'टोमणा का हा?' आणि मिक्सर ही भेट नसते, ती ड्यूटीची ऑर्डर असते.

जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९९३ साली या दुखण्याचा हिशेबच मांडला. विद्यार्थ्यांना त्याने विचारलं, नाताळात मिळालेली वस्तू, भावनिक किंमत सोडून, तुमच्या लेखी केवढ्याची? उत्तरांवरून निघालं की भेटीच्या किमतीतले १० ते ३३ टक्के पाण्यात जातात. मग रोख दिलेलं काय वाईट? आईला पाकीट दिलं. तिने त्यात स्वतःचे थोडे घातले आणि माझ्या मुलीच्या हातात ठेवलं. हे कुठल्या टक्क्यात बसवायचं, वॉल्डफोगेलच जाणे. त्याआधी दिलेली शाल कपाटात घडीही न मोडता आहे. का, तर 'चांगली आहे म्हणून ठेवलीय.'

बहिणीचा मात्र काही ताप नाही. ती सरळ लिंक पाठवते, रंग आणि साइजसकट. खाली एक ओळ: 'नीट पॅक कर, आणि आत काय आहे ते मला अजिबात सांगू नकोस.'