धवळ्याच्या मापाचा हार

पोळ्याच्या आधीच्या आठवडी बाजारात मी पथारी मांडली ती नेमकी झुली-घुंगरमाळावाल्याच्या शेजारी. घोळ तिथंच झाला.

पुढ्यात सात हार. अकरा नंबरचे काचमणी, इंचाला साधारण 18 बसतात. मधेमधे रिठ्याच्या काळ्या बिया, भिजवून दाभणाने टोचलेले चिंचोके. एकात अकीकाचे पाच लाल मणी. त्या एका हाराला तीन संध्याकाळी गेल्या. त्यातली एक मेणबत्तीत, कारण लाईन गेली होती.

धोतरवाले एक बाबाजी आले आणि अकीकाचाच हार उचलून ताणून पाहू लागले.

"कितीले वो बाई?"

"दीडशे."

"घुंगरू तं एकबी नाई!"

"बाबाजी, हा गळ्यात घालायचा आहे."

"मंग मी का शेपटीले बांधतो?"

"बायांच्या गळ्यात!"

त्यांनी हाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. कीव आली असावी. "तरी म्हनलं, आमच्या धवळ्याले पुरत नाई. त्याची मान पाह्यली का तुमी?"

नव्हती पाहिली. मग ती मान, ते वशिंड, धवळ्याने मोडलेला जावयाचा गोठा, सगळं ऐकलं. तेवढ्यात दोन बाया "बैलाचं सामान आहे वो" म्हणत पुढे गेल्या.

"आन हे पाहा, काया न् निया एकमेकाले खाऊन राह्यले. मधात पांढरा पाह्यजे."

हे मात्र झोंबलं. नागपूरजवळच्या माहूरझरीत वाकाटकांच्या काळीसुद्धा अकीकाचे मणी घडत. एवढ्या कडक दगडाला आरपार भोक पाडणाऱ्या त्या कारागिराला कोणी विचारलं असेल का, घुंगरू कुठाय म्हणून? फवारणीच्या बाटलीवर छापलेला भाव माणसं निमूट मोजतात. हातचं काम दिसलं की जीभ सुटते. शेवटी ऐंशीवर तुटलं. नातवाच्या लाकडी बैलासाठी नेतो म्हणाले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरांच्या लाकडी बैलांच्या तान्ह्या पोळ्यात, तो बैल दिसला. सजावटीत पहिला नंबर. नातू बोजाऱ्याचे, म्हणजे बैल घेऊन घरोघरी फिरून मिळालेले पैसे मोजत होता, बाबाजी बक्षिसाचा डबा मिरवत होते. मी वाकून हार पाहिला. काळ्या-निळ्याच्या मधात सदऱ्याची पांढरी बटणं ओवली होती.

चांगला दिसत होता मेला.