‘पाथ लावा, हायरार्की तयार’ म्हणणाऱ्यांसाठी

पॉवर बीआय (मायक्रोसॉफ्टचं रिपोर्ट बनवायचं साधन) शिकवणाऱ्यांचा एक सल्ला सगळीकडे फिरतो: कोण कोणाला रिपोर्ट करतं ही उतरंड (हायरार्की) दाखवायचीय? पाथ फंक्शन लावा (ते प्रत्येकापुढे सर्वांत वरच्या साहेबापासून त्याच्यापर्यंतची आयडींची साखळी लिहितं), पाथआयटेमने त्या साखळीतून पाच लेव्हलचे कॉलम काढा, मॅट्रिक्समध्ये, म्हणजे उघडत जाणाऱ्या तक्त्यात टाका. रिकाम्या ओळी फिल्टरने घालवा. सिक्युरिटी, म्हणजे ज्याला त्याला फक्त आपल्या टीमचा डेटा दिसणं, आपोआप मिळते. पहिलं पाऊल बरोबर आहे, पुढची गडबड बघा.

‘पाच कॉलम पुरतात.’ मध्ये एक नवं पद आलं की सहाव्या लेव्हलचा माणूस मॅट्रिक्समधून गायब. त्याचा आकडा पाचव्या लेव्हलच्या साहेबाच्या नावावर जमा होतो, बेरीज जुळते, म्हणून कोणाला संशयही येत नाही.

‘रिकाम्या ओळी फिल्टर करा.’ सगळ्यांत घातक सल्ला हाच. समजा मॅनेजरने स्वतः २ लाखांची विक्री केली, हाताखालच्या दोघांनी ५ आणि ३ लाखांची. एकूण १०. मॅनेजरची ओळ उघडली की ५, ३ आणि एक बिननावाची ओळ दिसते: २. ती कचरा नाही, ती मॅनेजरची कमाई आहे. खालच्या लेव्हलचा कॉलम ‘रिकामा नसावा’ असा फिल्टर लावलात की एकूण ८ वर येतं. इझइनस्कोप (तक्ता कुठल्या लेव्हलपर्यंत उघडलाय ते सांगणारं फंक्शन) आणि पाथलेन्थ (साखळीची लांबी) वापरून मेझरमध्येच, म्हणजे बेरजेच्या सूत्रातच ती ओळ लपवता येते, एकूण १० राहतं. पण मग ५ आणि ३ मिळून १० कसे, हे अकाउंट्सवाले विचारणारच. मी तिथे सरळ ‘स्वतः’ असं नाव देतो.

‘डेटा तसाच चालतो.’ नोकरी सोडलेल्या मॅनेजरची नोंद टेबलातून काढली आणि त्याचा आयडी कोणाच्या पुढे मॅनेजर म्हणून राहिला, तर पाथचा अख्खा कॉलम एरर देतो. एकाच कर्मचाऱ्याला दोन वेगळे मॅनेजर दिले तरी तेच. डॉटेड लाइन रिपोर्टिंग, म्हणजे मुख्य साहेबाशिवाय आणखी एकाला रिपोर्ट करणं, विसराच.

‘सिक्युरिटी आपोआप.’ अजिबात नाही. युझरप्रिन्सिपलनेम (रिपोर्ट कोण बघतोय) आणि पाथकंटेन्स (तो त्या साखळीत आहे का) वापरून रोल, म्हणजे कोणाला कुठल्या ओळी दिसाव्यात हा नियम, स्वतः लिहावा लागतो, आणि वर्कस्पेसमध्ये (रिपोर्ट ठेवायच्या सामायिक जागेत) ज्याला ॲडमिन, मेंबर किंवा काँट्रिब्युटर केलंय त्याला तो रोल लागूच होत नाही. रोल नीट लागला तरी लेव्हलच्या कॉलममध्ये वरच्या साहेबांची नावं असतातच. म्हणजे त्या मॅनेजरला डायरेक्टरची ओळ दिसते, आणि तिच्यापुढे आकडा फक्त त्याच्या टीमचा: १० लाख. मीटिंगमध्ये तो हाच आकडा डायरेक्टरचा म्हणून सांगतो.