लाड नव्हेत हो ते, नखं आहेत!

"एवढं परवडत नसेल तर कुत्रं पाळायचंच कशाला?"

हे आज माझ्या कानावर पडलेलं वाक्य. मला उद्देशून नव्हतं, तरी सकाळपासून डोक्यातून जात नाहीये. म्हणून इथे लिहून मोकळी होते. पोस्ट लांबणार आहे, कंटाळा आला तर पुढे जा, रागावणार नाही.

आमच्या कुत्र्याला, बिट्टूला घेऊन कुत्र्यांच्या पार्लरमध्ये नंबर लावून बसले होते. एक काका आले. सोबत शिह त्झू जातीचा लांब केसांचा छोटा कुत्रा, वर्षभराचा असेल, डोळ्यांवर केसांची झालर आलेली. फरशीवर चालताना त्याच्या नखांचा टकटक आवाज येत होता. उभं राहिल्यावर नखं जमिनीला टेकत असतील तर ती वाढलीत, एवढं आता मला कळतं. काकांनी काउंटरवर अगदी हळू आवाजात विचारलं, "नुसती नखं आणि डोळ्यांवरचे केस तेवढे कापून मिळतील का?" काउंटरवरच्या मुलाने मान वर न करता सांगितलं, "सुटं काही करत नाही सर. बेसिक, प्रीमियम किंवा रॉयल पॅकेज." काकांनी बेसिकचा दर विचारला, मग बेसिकमध्ये काय काय येतं ते विचारलं, मग "बघतो" म्हणून निघाले. ते दारात असतानाच शेजारच्या खुर्चीवरून हे वरचं वाक्य आलं. म्हटलं तर स्वतःशी, म्हटलं तर सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मी म्हटलं, "नखं कापायला श्रीमंत असावं लागतं का?" बाईंनी मोबाइलमध्ये डोकं घातलं. मी बाहेर जाऊन काकांना आमच्या ग्रूमर ताईंचा, म्हणजे बिट्टूचे केस-नखं कापणाऱ्या ताईंचा नंबर दिला. आज त्या सुट्टीवर म्हणूनच तर मी इथे आले होते.

तर मुद्दा असा. कुत्र्यांचे केस-नखं कापण्याच्या या सगळ्या प्रकाराला 'स्पा' हे नाव ज्याने दिलं, त्याने मुक्या जनावरांचं मोठं नुकसान केलंय. स्पा म्हटलं की तो लाड झाला. लाड म्हटलं की हात आखडता घेता येतो, "पुढच्या महिन्यात बघू" म्हणता येतं, आणि ज्याला परवडत नाही त्याला वरून टोमणाही मारता येतो. पण नखं वाढली की बोटं वाकडी पडतात, कुत्रं पाय चुकीचा टाकायला लागतं आणि सगळा भार सांध्यांवर येतो. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला जे वरचं नख असतं ते तर जमिनीला लागतच नाही, त्यामुळे झिजत नाही. वाढत वाढत गोल वळतं आणि कधीकधी मांसात घुसतं. हा लाड आहे? केसांच्या जटा झाल्या की प्रत्येक पावलागणिक कातडी ओढली जाते, खाली हवा लागत नाही, ओल राहते, पुरळ येतं, गोचिड्या लपून बसतात. आपले केस दिवसभर कुणी मुठीत धरून ओढत राहिलं तर आपण 'स्पा पुढच्या महिन्यात' म्हणू का?

आता माझंच सांगते. बिट्टूचं पहिलं ग्रूमिंग. कुत्रं पाळायची पहिलीच वेळ, त्यामुळे जे सगळ्यात महाग ते सगळ्यात चांगलं असणार, असं वाटणं साहजिक होतं. आजचं नव्हे, दुसरं एक पार्लर. नाव घेत नाही. पंजांचा मसाज, ब्लूबेरी फेशियल (हो, हे खरंच असतं), दात घासणं, परफ्यूम, आणि शेवटी डोक्यावर लाल बो. फोटो तुम्हीच इथे पाहिलाय, बदाम टाकलेत. त्या रात्री साहेब सारखे कान खाजवत होते. मी कानामागे बोट घातलं तर आत घट्ट गाठ. वरचे केस रेशमासारखे मोकळे, खाली मुळाशी गच्च नमदा, आणि त्याखालची कातडी लालबुंद. वरवर ब्रश फिरवला होता आणि त्यावरच आंघोळ घातली होती. जटेवर पाणी पडून ती तशीच वाळली की आणखी आवळते, म्हणून आधी गुंता सोडवायचा आणि मग आंघोळ घालायची. हे त्या कामातलं अगदी पहिलं पाऊल. आणि ते आतलं वरचं नख? जसंच्या तसं.

बो मात्र अगदी मधोमध बांधला होता.

परफ्यूमचं तर बोलूच नका. ज्याचं नाक आपल्या नाकापेक्षा कितीतरी पटीने तिखट, त्याच्या अंगावर हे सेंट मारतात. संध्याकाळभर बिचारा पायपुसण्यावर पाठ घासत होता. वास कुणासाठी होता मग? माझ्यासाठी. पैसे मी दिले, खूश मला करायचं होतं. कुत्रं काय, ते तर अभिप्राय लिहीत नाही.

हे सगळं मला पुढे ज्या ताईंकडून कळलं, त्या एकट्या आपल्या घरी हे काम करतात. त्यांचं काम बघत बसावं असं आहे. जट सोडवताना त्या डाव्या हाताच्या दोन बोटांनी केस मुळाशी, कातडीच्या अगदी लगत धरतात. म्हणजे ओढ बसते ती त्यांच्या बोटांना, कुत्र्याला नाही. मग टोकाकडून सुरुवात. चिमूटभर केस बोटांनी फाकवायचे, कंगव्याचा कोपरा घालायचा, सुटले की आणखी थोडं मुळाकडे सरकायचं. कात्री नाही. जटेत कातडीही वर ओढली गेलेली असते, कात्री घातली की ती कापली जाते. फारच गच्च असेल तर मशीनने काढतात, आणि तेही मालकाला आधी सांगून. बिट्टूच्या कानामागची ती गाठ सुटायला बराच वेळ लागला. तेवढ्या वेळात त्याला झोप लागली, म्हणजे बघा.

त्यांनीच मला विंचरायला शिकवलं. केसांची एक ओळ वर उचलून धरायची, खालची कातडी दिसली पाहिजे, तिथून विंचरायचं, मग पुढची ओळ. स्लिकर ब्रश (बारीक वाकड्या तारांचा असतो तो) झाला की त्याच जागेवरून साधी स्टीलची फणी फिरवायची. फणी अडकली तर काम झालेलं नाही. काख, जांघ, कानामागे, पट्ट्याखाली, या चार जागा रोज बघायच्या. बस्स. याला रॉयल लागत नाही. एक ब्रश, एक फणी आणि मोबाइल बाजूला ठेवून काढलेली दहा मिनिटं लागतात.

नखांची मला अजून भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पांढऱ्या नखात आतली गुलाबी नस दिसते, तिच्या अलीकडेच थांबायचं. काळ्या नखात काही दिसत नाही, म्हणून एकेक पातळ चकती कापत जायची, आणि कापलेल्या तोंडाशी मधोमध गडद ठिपका दिसू लागला की थांबायचं. लागलंच तर रक्त थांबवायची पावडर मिळते, ती नसेल तर कॉर्नफ्लोअर दाबून धरायचं. थोडं थोडं पण नेमाने कापलं तर ती नसही हळूहळू मागे सरकते. ज्यांच्याकडे आत्ता लहान पिल्लू आहे त्यांनी कापायची घाई करू नका, पण रोज पंजे हातात घ्या, बोटं फाकवा, कानाला हात लावा. पुढे सगळ्यांचेच हाल वाचतील.

आता ग्रूमरच्या बाजूने एक बोलते, नाहीतर ताई मला रागावतील. काम अतिशय मेहनतीचं आहे. दिवसभर वाकून पाठ जाते, केस नाकातोंडात जातात, चावे तर ठरलेलेच. जटा झालेलं कुत्रं आणलं तर दोन कुत्र्यांचा वेळ एकालाच जातो. त्याचे जास्त पैसे मागतात ते मला पटतं. द्यावेतच. हाताला कला आहे, तिचे पैसे द्यायला ना नाही.

पण मग त्या कलेचेच घ्या ना! ब्लूबेरीचे कशाला? टायरमध्ये हवा भरायला गेलं तर कुणी "नुसती हवा भरत नाही, गाडी रंगवूनच घ्या" म्हणतं का? आणि त्या पॅकेजात भरलेलं असतं तरी काय? महिन्यातून एकदा दात घासणं. दात रोज घासले तर उपयोग, महिन्यातून एकदा घासणं म्हणजे नुसतं तोंड ओलं करणं. गुदग्रंथी, म्हणजे गुदद्वाराजवळच्या वासाच्या छोट्या पिशव्या, दाबून रिकाम्या करणं हेही सर्रास पॅकेजमध्ये. निरोगी कुत्र्याच्या त्या आपोआप रिकाम्या होतात. ते ढुंगण जमिनीवर घासत असेल, तिथे सारखं चाटत असेल तर डॉक्टरांना दाखवायचं, पार्लरमध्ये बिलात एक ओळ वाढावी म्हणून दाबत बसायचं नाही.

आणि सगळ्यात संताप कशाचा येतो सांगू? पिल्लू विकताना यातलं एक अक्षर कुणी बोलत नाही. शिह त्झू, ल्हासा, पूडल, माल्टीज यांचे केस वाढतच राहतात. सहा-आठ आठवड्यांनी कापावे लागतात, जन्मभर. लॅब्रॅडॉर, बीगल यांना हेअरकट लागतच नाही. गोल्डन रिट्रीव्हर, हस्की, पॉमेरेनियन यांना वरचे राठ केस आणि खाली मऊ लोकर असा दुहेरी कोट असतो, आणि त्यांना 'समर कट' म्हणून चकोट करून सोडतात! तो कोट उन्हापासूनही वाचवतो. मुळापासून उडवला की कातडी भाजू शकते आणि पुन्हा येताना केस कुठे येतात, कुठे येत नाहीत. त्यांना हवं ते मोकळी झालेली लोकर विंचरून काढणं. म्हणजे ज्याला कात्री लागते त्याच्या मालकाला ती परवडत नाही, आणि ज्याला लागत नाही त्याच्या मालकाला ती विकली जाते.

हो, कुत्रं आणण्याआधी खर्चाचा हिशेब करायलाच हवा. मान्य. पुढे.

पुढे हे, की त्या काकांना मार्ग होते, कुणी सांगितले नाहीत. नखं बऱ्याच प्राण्यांच्या दवाखान्यांत सुटी कापून देतात. ग्रूमिंग शिकवणाऱ्या संस्थांना सरावासाठी कुत्री लागतात, तिथे दर कमी असतो. वेळ जातो, कट थोडा वाकडातिकडा होतो, पण शिकवणारं माणूस डोक्यावर उभं असतं. आणि सरळ सगळे केस आखूड करून घ्यायचे. टेडी बेअर दिसत नाही, नसेना, गुंता होत नाही आणि पार्लरच्या दोन फेऱ्यांमधलं अंतर वाढतं. आंघोळ घरी घाला. फक्त आपला शाम्पू नको. आपल्या त्वचेचा पीएच ५.५ च्या आसपास, त्यांचा ७ च्या जवळपास, आपल्याला चालतं ते त्यांना कोरडं पाडतं.

मात्र स्वस्त म्हणून कुणाच्याही हाती देऊ नका. बहुतेक ठिकाणी कुत्र्याचे केस कापायला कुठलाच परवाना लागत नाही, आज मशीन घेतलं की उद्या ग्रूमर. मी दोन गोष्टी बघते. लसीचं कार्ड मागतात का? मागितलं तर बरं वाटतं. मी इथे उभी राहून बघू का, असं विचारल्यावर तोंड कसं होतं? मालक शेजारी असला की काही कुत्री जास्त चुळबुळ करतात हे खरं आहे, पण काचेतून बघायलाही हरकत असेल तर आपण निघावं. गुंगीचं औषध देतो म्हणाले तर त्याच पावली निघावं, ते डॉक्टरांचं काम. पिंजऱ्यात बंद करून गरम ड्रायर लावत असतील तरीही, विशेषतः पग किंवा शिह त्झूसारखं चपट्या नाकाचं कुत्रं असेल तर. अशा ड्रायरमध्ये उष्माघात होऊ शकतो.

मांजरवाल्यांनो, तुमचं बरं आहे, तुमची स्वतःचं स्वतः करतात. पर्शियन असेल तर मात्र रोज फणी आणि जटेला कात्री लावायची नाही, तिची कातडी कागदासारखी फाटते. 'नैसर्गिक' म्हणून टी ट्री तेल लावायला कुणी सांगितलं तर त्याचा नंबर ब्लॉक करा. मांजर आणि कुत्रं, दोघांनाही ते विषारी आहे.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. त्या खुर्चीवरच्या बाईंचंही कुत्रं होतं, गोल्डन, आणि त्या त्याला समर कटसाठीच घेऊन आल्या होत्या. त्यांनाही कुणी काही सांगितलेलं नसणार. आमचा नंबर येईपर्यंत मी त्यांना त्या दुहेरी कोटाचं सगळं सांगितलं. ऐकलं की नाही ठाऊक नाही, पण आत जाताना त्यांनी "मशीन नको, नुसतं विंचरून द्या" असं काहीतरी म्हटल्याचं मला ऐकू आलं. काउंटरवरचा मुलगा माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता, त्यावरून मला तिथे पुन्हा नंबर मिळेल असं वाटत नाही.

तर तुमच्या ओळखीत सुटी नखं कापून देणारं, सुटे डोळ्यांवरचे केस कापणारं, दर सरळ बोर्डावर लिहिणारं कुणी असेल तर खाली लिहा. यादी करून ठेवते, पहिल्यांदाच पाळणाऱ्या कुणालाही देता येईल. रॉयलवाले नकोत.