शाफ्ट कापून वेल्डिंग नकोच : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

लाँग शाफ्टच्या आउटबोर्डचा (होडीच्या मागे टांगायच्या मशीनचा) शॉर्ट शाफ्ट करताना सगळे भाग बदलायला सांगून मी लोकांना खर्चात पाडतो, शाफ्ट पाच इंच कापून वेल्डिंग मारलं की भागतं, असं तुम्ही लिहिलंय. खर्चाची काळजी रास्तच आहे. पण वेल्डिंगचा सल्ला मी कुणालाही देणार नाही.

ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद खाली पंख्याकडे नेणारा उभा दांडा, हातात घेऊन बघा. वरच्या टोकाचे दाते क्रँकशाफ्टमध्ये बसतात, खालच्या टोकाचे पिनियन गिअरमध्ये. इंपेलरच्या, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पंपाच्या चाकाच्या, चावीची खाच असते ती वेगळीच. म्हणजे टोकाकडून कापायला वाव नाही, कापायचा तो मधूनच. फुल थ्रॉटलला हा शाफ्ट मिनिटाला ५,००० च्या आसपास फेरे घेतो. वेल्डिंगच्या धगीनं पोलादाला दिलेलं पाणी उतरतं, आणि शाफ्ट केसभर वाकडा राहिला तरी ऑइल सील (पाणी आत येऊ न देणारी रबरी कडी) खातो. मग गिअर ऑइलमध्ये खारं पाणी शिरतं. खालचा स्क्रू काढल्यावर दुधासारखं पांढरं ऑइल आलं की समजायचं, वाचवलेले पैसे आता बेअरिंगात जाणार.

शिवाय शाफ्ट एकटा आखूड करून चालत नाही. गिअरची सळई, पाण्याची नळी आणि बाहेरची मधली बॉडी, सगळंच तेवढं कमी व्हावं लागतं. जुन्या जॉन्सन-एव्हिनरूडच्या काही लहान मशीनांत पाच इंचांचा तुकडा वेगळा असतो, बोल्ट काढले की निघतो. अनेक मॉडेलांत मात्र मधली बॉडी एकसंध ओतलेली असते. तिथे शॉर्ट शाफ्टचीच शोधावी लागते. सळईचं माप थोडं चुकलं तरी गिअर पुरता बसत नाही, लोडवर निसटतो. नळी पुरली नाही तर पाणी वर चढत नाही आणि मशीन तापतं.

ट्रान्समवर (होडीच्या मागच्या फळीवर, जिथे मशीन अडकवतात) लाकूड चढवून मशीन उचलावं, हा तुमचा दुसरा उपाय मला मान्य आहे. सावकाश चालणाऱ्या होडीला तो स्वस्त आणि पुरेसा आहे. फक्त लाकूड आरपार बोल्टनं आवळा, कारण मशीन वर गेलं की ट्रान्समवरचा ताण वाढतो.

‘लांब असला म्हणून बिघडतं काय?’ असंही तुम्ही विचारलंत. पंख्याच्या वरची आडवी प्लेट साधारण होडीच्या तळाच्या पातळीला हवी. १५ इंची ट्रान्समवर २० इंची मशीन लावलं तर पंखा पाच इंच जास्त खाली जातो. मालवणजवळच्या देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी ओहोटीत वाळू वर येते, तिथे हे पाच इंच फार महाग पडतात. उलट, ट्रान्सम २० इंची असेल तर शाफ्टला हातच लावू नका. आखूड शाफ्टचा पंखा लाटेत वर येऊन हवा ओढतो, होडी पुढे सरत नाही.

तुमच्या ट्रान्समची उंची आणि मशीनचा मॉडेल नंबर कळवा. मधली बॉडी जोडाची आहे की एकसंध, ते बघून काय काय लागेल ते सांगतो.